नाशिकच्या जेलमध्ये समाजवादाची स्वप्नं बघणारे मिनू मसानी लायसन्स राजच्या विरोधात कसे उभे राहिले?

जुलै १९९१. नरसिंह राव सरकारनं नवं औद्योगिक धोरण जाहीर केलं. १८ उद्योग सोडले तर बाकी कुठलाही कारखाना काढायला आता दिल्लीचं लायसन्स लागणार नव्हतं. देशानं रस्ता बदलला. श्रेय राव आणि मनमोहन सिंग यांना मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

पण त्या वेळी मुंबईत ८५ वर्षांचे एक गृहस्थ होते. लायसन्स-परमिटचा हा कारभार बंद करा, असं ते तीस वर्षांपूर्वीपासून सांगत होते. त्यांनी त्यासाठी पक्ष काढला, निवडणुका लढवल्या आणि शेवटी सपाटून मार खाल्ला.

त्यांचं नाव मिनोचर रुस्तम मसानी. सगळे त्यांना मिनू मसानी म्हणायचे. आणि गंमत बघा, या माणसाची राजकारणातली सुरुवात झाली ती कट्टर समाजवादी म्हणून.

मसानींचा जन्म २० नोव्हेंबर १९०५ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वडील रुस्तम मसानी हे मुंबई महापालिकेचे पहिले भारतीय आयुक्त. एल्फिन्स्टन कॉलेज, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मग बॅरिस्टरी, असं पोराचं शिक्षण झालं. लंडनमध्ये ते डाव्या विचारांकडे ओढले गेले. १९२७ मध्ये, क्रांतीला दहा वर्षं झाली त्या साली, ते सोव्हिएत रशियाही बघून आले. जगाचं भलं होणार ते इथूनच, असं तेव्हाच्या हजारो तरुणांना वाटत होतं. मसानी त्यातलेच एक.

भारतात परतल्यावर ते गांधीजींच्या कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि थेट नाशिक रोडच्या जेलमध्ये पोचले. जेलमध्ये सोबतीला जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, नानासाहेब गोरे अशी तरुण मंडळी होती. दिवसभर वाचन, चर्चा आणि वाद. काँग्रेसच्या आत राहून तिला समाजवादाकडे न्यायचं, हा विचार याच जेलमध्ये पक्का झाला. १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. जयप्रकाश सरचिटणीस आणि मसानी सहचिटणीस.

मग बिनसलं कुठं?

१९३५ मध्ये मसानी पुन्हा रशियाला गेले. पुढच्या तीन वर्षांत स्टॅलिननं मॉस्कोत खटल्यांचा सपाटा लावला. ज्यांनी क्रांती केली त्यांनाच गद्दार ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. इकडं भारतात कम्युनिस्ट आपला पक्ष आतून पोखरतायत, असं मसानींचं मत झालं होतं. सोबत्यांना ते पटवायला त्यांना वेळ लागला. १९३९ मध्ये ते पक्षातून बाहेर पडले.

त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. कारखाने, जमीन, छापखाने, नोकऱ्या असं सगळं सरकारच्या मालकीचं झालं, तर सरकारशी भांडण झालेल्या माणसानं पोट भरायचं कुठं? मालक एकच असेल तर नोकरी सोडायचं स्वातंत्र्यही राहत नाही. आणि पोटाची दोरी ज्याच्या हातात, त्याच्या विरोधात मत द्यायची हिंमत किती जण करतील? निवडणुकीतलं स्वातंत्र्य आणि कमाईचं स्वातंत्र्य या वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांच्या मनात बसलं ते कायमचं. १९४४ मध्ये त्यांनी समाजवादाचा फेरविचार मांडणारी पुस्तिकाच लिहिली.

मधल्या काळात ते टाटांकडे नोकरीला लागले. १९४० मध्ये त्यांनी मुलांसाठी लिहिलेलं ‘अवर इंडिया’ हे पुस्तक प्रचंड खपलं. १९४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते मुंबईचे महापौर झाले. संविधान सभेत मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर त्यांनी काम केलं. नेहरूंशी जुनी मैत्री होती, नेहरूंनीच त्यांना ब्राझीलला राजदूत म्हणून पाठवलं. १९५२ मध्ये त्यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचं छोटं नियतकालिक सुरू केलं. पुढं आणीबाणीत याच नियतकालिकानं मोठं काम केलं, त्याबद्दल पुढे सांगतोच.

इथं लायसन्स राज म्हणजे काय ते समजून घेऊ. १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार ठरावीक उद्योगांमध्ये नवा कारखाना काढायचा, असलेला वाढवायचा किंवा नवीन वस्तू बनवायची, तर केंद्राची परवानगी लागायची. बाहेरून यंत्र आणायचं तर वेगळं परमिट. हेतू चांगला होता. देशाकडे पैसा कमी, परकीय चलन त्याहून कमी, म्हणून जे आहे ते नीट वाटून वापरायचं. पण झालं असं की ज्याची दिल्लीत ओळख तो लायसन्स घेऊन बसला, आणि ज्याला काही नवीन करायचं तो फाईलच्या मागे धावत राहिला. गिऱ्हाईकाला निवड उरली नाही. स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघणारी पिढी आपल्या घरात आजही आहे, आजोबांना विचारून बघा.

निवडणुकीच्या दृष्टीनं मसानींना यात एक मोठा धोका दिसत होता. सरकारच्या हातात जितक्या परवानग्या जास्त, तितका सत्तेत असलेल्या पक्षाला निवडणुकीचा पैसा सोपा. उद्योगपती विरोधात बोलणार नाही, कारण त्याची फाईल टेबलावर पडलेली असते. मग मतदार भले मोकळा असो, लढत बरोबरीची राहत नाही.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती करायची, असा तो मार्ग होता. शेतकरी नेते एन. जी. रंगा भडकले. ८० वर्षांचे राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, मैदानात उतरले. मसानी तेव्हा झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर रांचीतून निवडून आलेले खासदार होते. या सगळ्यांनी मिळून त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला.

पक्षाची २१ तत्त्वं होती. शेतकऱ्याची जमीन शेतकऱ्याकडेच, सरकारची ढवळाढवळ कमीत कमी, कर कमी. तत्त्वांच्या बाहेरच्या विषयांवर सदस्यानं आपलं मत वेगळं ठेवलं तरी चालेल, अशी मुभाही होती. आजच्या व्हिपच्या जमान्यात हे वाचून हसू येईल.

टाटा समूहानं काँग्रेसबरोबर या पक्षालाही देणगी द्यायची ठरवली, आणि जेआरडी टाटांनी तसं १९६१ मध्ये नेहरूंना पत्रानं कळवलं. सक्षम विरोधी पक्ष असावा, हे त्यामागचं कारण होतं.

१९६२ मध्ये पक्षाचे १८ खासदार आले, पण मसानी स्वतः हरले. वर्षभरात ते राजकोटच्या पोटनिवडणुकीतून पुन्हा लोकसभेत पोचले. १९६७ मध्ये आकडा ४४ वर गेला आणि स्वतंत्र पक्ष लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. त्याच वर्षी मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. सरकारचा खर्च तपासणाऱ्या या समितीचं अध्यक्षपद विरोधी बाकावरच्या माणसाकडे जाण्याची ती पहिली वेळ. तेव्हापासून हा पायंडा पडला.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. स्वतंत्र पक्षाच्या बऱ्याच जागा राजस्थान, गुजरात, ओडिशा अशा ठिकाणी राजेरजवाड्यांच्या जोरावर आल्या होत्या. जयपूरच्या गायत्री देवी पक्षाचा चेहरा होत्या. मोकळ्या बाजाराची भाषा, आणि मतं मात्र जुन्या गादीच्या नावावर, हा विरोधाभास लोकांना दिसत होता. ज्याच्याकडे ना जमीन, ना दुकान, त्या माणसाला आर्थिक स्वातंत्र्यातून उद्या काय मिळणार, याचं त्याला पटेल असं उत्तर पक्षाला देता आलं नाही. मसानींच्या स्वतःच्या महाराष्ट्रात तर पक्षाला पाय रोवताच आले नाहीत.

१९६९ मध्ये इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. स्वतंत्र पक्षाचेच रुस्तम कूपर त्याविरोधात सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७० मध्ये जिंकले. पण सरकारनं नवा कायदा आणला आणि लोकांनी इंदिराजींना डोक्यावर घेतलं. १९७१ च्या निवडणुकीत गरिबी हटावच्या लाटेत काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या, स्वतंत्र पक्षाला ८. मसानीही पडले. त्यांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं. १९७४ मध्ये पक्षही दुसऱ्या पक्षात विलीन झाला. तोवर आयकराचा सगळ्यात वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याला उरणार.

इथं एखादा माणूस घरी बसला असता. मसानी बसले नाहीत.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला. ‘फ्रीडम फर्स्ट’मधला मजकूर सेन्सॉरनं अडवला. मोठमोठे पेपर गप्प असताना मसानी मुंबई हायकोर्टात गेले. सोली सोराबजींनी त्यांची बाजू मांडली. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांच्या खंडपीठानं मसानींच्या बाजूनं निकाल दिला. आणीबाणीतही सरकारवर टीका करणं हा गुन्हा ठरत नाही आणि सेन्सॉरनं आपल्या अधिकाराच्या मर्यादेतच राहायचं, असं कोर्टानं स्पष्ट केलं. त्या काळात हे लिहायला न्यायाधीशांनाही छाती लागत होती.

त्याआधी १९७४ मध्ये जयप्रकाशांनी निवडणूक सुधारणांसाठी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्यात मसानी होते. नाशिकच्या जेलमधले दोघे मित्र चाळीस वर्षांनी पुन्हा एका कामाला लागले. एक सर्वोदयाकडे गेलेला, दुसरा मोकळ्या बाजाराकडे. पण सत्ता एका हातात साठू द्यायची नाही, यावर दोघांचं एकमत होतं. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणा, अशी शिफारस या समितीनं केली. ती प्रत्यक्षात यायला १९८९ साल उजाडलं.

२७ मे १९९८ ला मसानींचं मुंबईत निधन झालं. निवडणुकीच्या हिशेबात ते हरलेलेच राहिले. लायसन्स राज गेलं, तेही त्यांच्या पक्षामुळं नाही, तर १९९१ ला देशाची तिजोरी रिकामी झाली म्हणून.

पण त्यांचा मूळ प्रश्न अजून संपलेला नाही. एखादं दुकान टाकायला, घर बांधायला, पिकवलेलं विकायला कुणाकुणाच्या सहीची वाट बघावी लागते, आणि ती सही करणाऱ्याच्या पक्षाविरोधात आपण उघडपणे बोलू शकतो का? वयाच्या अठराव्या वर्षी बोटाला शाई लावून आपण सरकार निवडतो. मसानींच्या लेखी लोकशाहीची खरी परीक्षा मतमोजणी झाल्यावर सुरू होते, कारण निवडून आलेल्या सरकारला किती अधिकार द्यायचे, हेही ठरवायचं असतं आपणच.