प्राध्यापक बाबासाहेब आणि विद्यापीठाचा प्रश्न

दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आम्ही बाबासाहेबांना घटनाकार म्हणून, मुक्तिदाता म्हणून वंदन करतो. विद्यापीठ कसे चालावे यावरही त्यांनी अनेक वर्षे विचार केला, हा विषय मात्र आमच्या अभ्यासवर्गांत क्वचितच निघतो.

१८९१ चा जन्म, एल्फिन्स्टन कॉलेज, बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन हा प्रवास सगळ्यांना पाठ आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातले पाणी त्यांनी घेऊ नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. (उच्चशिक्षण घेतले की जात सुटते, असे अजूनही म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.) वर्गात मात्र त्यांना ऐकायला इतर कॉलेजांतली मुलेही येऊन बसत. १९२० मध्ये ते राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले.

परतल्यावर मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला त्यांनी सविस्तर लेखी उत्तरे दिली. हा मजकूर आमच्या तरुणांनी आवर्जून वाचावा. परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या, एवढेच विद्यापीठाचे काम असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शिकवणे आणि संशोधन हातात हात घालून चालावे. पदवीचे आणि पदव्युत्तर शिक्षण तोडले, तर चांगले अध्यापक पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळणारच नाहीत. पुढे १९२७ मध्ये कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना त्यांनी सिनेटवर मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा मुद्दा मांडला. आज आमची मुले प्रवेशासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढतात, तेही हवेतच. पण निर्णय घेणाऱ्या मंडळांवर कोण बसते, याकडे आमचे लक्ष किती असते?

१९३५ ते १९३८ ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्या काळात कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावरही त्यांनी लिहिले.

दुसऱ्यांच्या संस्था आतून बदलण्याची मर्यादा त्यांनी अनुभवली होती. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे सकाळी वर्ग भरत, म्हणून दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना पदवी घेता आली. आमच्या घरांतली पहिली पदवी अनेकदा अशीच आली आहे.

१९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज निघाले. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्चशिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. खेड्यांतून आलेली मुले इथे वसतिगृहात राहून शिकली. पुढच्या दलित साहित्याच्या आणि चळवळीच्या कितीतरी वाटा याच आवारातून निघाल्या. या कॉलेजला नाव मिळाले मिलिंद, म्हणजे भिक्खू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. आणि ते ज्या आवारात उभे आहे, त्याचे नाव नागसेनवन.