न खचलेला मल्ल

सौंसर येथील शब्बाथ शाळेत आम्ही करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय शिकवीत होतो. त्यात पौल धावणाऱ्याचा व मुष्टियुद्ध करणाऱ्याचा दाखला देतो. एका मुलाने विचारले, आपल्या मराठी माणसांत असा कोणी झाला काय? मुष्टियुद्धातला नव्हे, पण कुस्तीतला एक गडी आम्हांला आठवला. त्याचीच हकिकत येथे देत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील पैलवान, पाच भावांत हे धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. खाशाबा वाढले लाल मातीत. तेथे कुस्ती गादीवर, आणि नियमही निराळे. त्यांचा सहावा क्रमांक आला. दुसरा एखादा तेथेच लंगोट खुंटीला टांगून मोकळा झाला असता. खाशाबांनी मात्र आणखी चार वर्षे अंग झिजवले.

१९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकीला जायचे, तर पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. एवढ्या लोकांचा भरवसा पाठीवर घेऊन हा गडी निघाला.

तेथे जपानच्या इशीशी त्यांची दमछाक करणारी कुस्ती झाली व ते हरले. लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढण्यास त्यांना बोलावण्यात आले. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावयास हवी होती. पण त्यांची बाजू मांडावयास एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते पुन्हा उभे राहिले. ती कुस्तीही गेली, तरी ब्राँझपदक त्यांचे झाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडले.

गावी बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पण आम्हांला त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, त्या जिंकल्या आणि बक्षिसाची रक्कम प्राचार्यांना देऊन त्यांचे घर सोडवले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले व असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना ही गोष्ट सांगताना पदकापाशी थांबू नका. दंड-बैठकांनी शरीर कणखर होते. पण हरल्यावर पुन्हा शिकावयास बसणे, कोणी पाठीशी नसता उभे राहणे आणि जिंकल्यावर उपकार न विसरणे, ही मनाची तालीम आहे. ती रोज करावी लागते.