ॲमस्टरडॅमचा विद्यार्थी प्रतिनिधी आणि नागपूरचा ठराव

नागपूर (प्रतिनिधी) : परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेला जाणे नागपूरच्या विद्यार्थ्यांना आता दुर्मीळ राहिलेले नाही. निवडीचे पत्र येते, व्हिसा मिळतो आणि एका दिवसात विमान युरोपात पोहोचते. गळ्यात नावाची पट्टी अडकविली की तरुण आपल्या देशाचा प्रतिनिधी ठरतो. परंतु ज्यांच्या वतीने बोलायचे, त्यांनी तो अधिकार आपल्याला दिला आहे काय, हा प्रश्न त्या उत्साहात सहसा कुणाला पडत नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या आयुष्यात मात्र तो अटळपणे उभा राहिला. त्याची सुरुवात १९०३ साली ॲमस्टरडॅमला झाली आणि त्याचे कठोर उत्तर १९२० साली नागपुरात मिळाले.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी तेव्हाच्या जमखंडी संस्थानात, आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, एका मराठा कुटुंबात झाला. घरात वारकरी वळण होते, सुबत्ता नव्हती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १८९८ साली ते बी. ए. झाले. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू होता. पण मन रमले ते प्रार्थना समाजात. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्या विचारांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. वकिलीची वाट सोडून धर्मप्रचाराला वाहून घेण्याचे त्यांनी ठरविले. ब्रिटनमधील युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती मिळाली, प्रवासासाठी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज पाठीशी उभे राहिले आणि सप्टेंबर १९०१ मध्ये शिंदे मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात त्यांनी दोन वर्षे तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचे विद्वान एस्टलिन कार्पेंटर तेथे अध्यापन करीत होते. शिंदे यांचे शिक्षण मात्र वर्गापुरते राहिले नाही. इंग्लंडमधील गरीब वस्त्यांत धार्मिक संस्था चालवीत असलेली सेवाकेंद्रे त्यांनी पाहिली आणि आपले अनुभव प्रार्थना समाजाच्या सुबोध पत्रिकेतून मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले.

शिक्षण संपवून परतण्याच्या सुमारास त्यांना एक मोठी संधी लाभली. उदारमतवादी धर्मविचारकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९०० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे स्थापन झाली होती. तिचे अधिवेशन १९०१ मध्ये लंडनला भरले आणि त्यानंतरचे सप्टेंबर १९०३ च्या आरंभी ॲमस्टरडॅमला. युरोप आणि अमेरिकेतील नामवंत प्राध्यापक व धर्मोपदेशक तेथे जमले होते. ब्राह्म समाजाच्या वतीने तिशीतील शिंदे उभे राहिले आणि हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर त्यांनी निबंध वाचला. परिषदेचा जो ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला, त्यात या निबंधाला स्थान मिळाले. जमखंडीसारख्या लहानशा संस्थानातून आलेल्या तरुणासाठी हा मान मोठाच होता.

असा मान घेऊन परतलेल्या माणसाला व्याख्याने आणि सत्कार यांवर आयुष्य काढता आले असते. ऑक्टोबर १९०३ मध्ये मायदेशी आलेल्या शिंदे यांनी मुंबई प्रार्थना समाजाच्या प्रचारकाचे काम स्वीकारले. ज्या उदार धर्माची ओळख त्यांनी जगाला करून दिली होती, त्याच्या दारापर्यंतही देशातील कोट्यवधी अस्पृश्य पोहोचू शकत नव्हते, हे या भ्रमंतीत त्यांना दिसत होते. १९०५ साली अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बांधवांच्या सभेला ते रात्री गेले. त्या भेटीने त्यांच्या कार्याची दिशा निश्चित झाली.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा सुरू झाली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष आणि शिंदे सरचिटणीस होते. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण असा कामाचा व्याप पुणे, हुबळी आदी ठिकाणी पसरला. शिंदे यांचे कुटुंब अस्पृश्यांच्या मुलांसमवेत राहू लागले. भगिनी जनाबाई यांनीही या कार्याला वाहून घेतले. स्वजनांची नाराजी आणि पैशांची चणचण कायमची सोबतीला होती. अस्पृश्यता निवारणाचा ठराव राष्ट्रीय सभेने संमत करावा यासाठी त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले आणि १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात तो संमत झाला.

याच सुमारास राजकीय सुधारणांचे वारे वाहू लागले. नव्या कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोण आणि ते कोणी निवडायचे, हा वादाचा मुद्दा झाला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे शिंदे आणि तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर या दोघांनीही आपापली बाजू मांडली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी गव्हर्नरांनी किंवा अस्पृश्यांच्या संस्थांनी न नेमता कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी शिंदे यांच्या मिशनची भूमिका होती. ज्यांचा प्रश्न, त्यांच्या हाती निवड नसावी, असाच त्याचा अर्थ अनेकांना लागला.

३० मे ते १ जून १९२० या काळात नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज होते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या या राजधानीत अस्पृश्य समाज स्वतःच्या व्यासपीठावरून बोलत होता. डॉ. आंबेडकरांनी मिशनच्या भूमिकेवर कडाडून टीका केली आणि परिषदेने तिच्या विरोधात ठराव केला. शाळा काढणाऱ्याविषयी कृतज्ञता असू शकते. पण त्यामुळे आपल्या वतीने बोलण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, हे नागपूरने स्पष्ट केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉ. आंबेडकर अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला रवाना झाले.

चौदा वर्षे खस्ता खाल्लेल्या शिंदे यांच्या दृष्टीने हा निर्णय कटू होता. पुढे काही वर्षांतच मिशनची सूत्रे त्यांच्या हातून गेली. तथापि त्यांनी अस्पृश्यतेच्या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी कारावास भोगला आणि १९३३ साली भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. अस्पृश्यतेचा उगम आणि इतिहास यांचा शोध घेणारा हा ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

शिंदे यांचे मोठेपण नागपूरच्या ठरावाने कमी होत नाही आणि त्यांच्या त्यागामुळे तो ठराव चुकीचाही ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. परदेशी व्यासपीठावर देशाचे नाव घेऊन उभ्या राहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने ॲमस्टरडॅमचा निबंध जरूर आठवावा. मात्र परतल्यावर सुरू झालेली परळची शाळा आणि नागपूरची ती परिषद यांचाही त्याला विसर पडू नये.