थरथरीचा माग काढणारा फ्रेडरिक

सिग्नलला थांबलात की बाइकचा आरसा थरथरतो आणि मागचं काही धड दिसत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल. मग आपण काय करतो? नट-बोल्ट आवळतो, माउंटिंगचं रबर बदलतो. म्हणजे थरथर दाबतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंग्रज तरुणानं वेगळा प्रश्न विचारला : मुळात ही थरथर येते कुठून?

त्याचं नाव फ्रेडरिक लँचेस्टर. जन्म १८६८चा, लंडनचा. वडील आर्किटेक्ट. हा पठ्ठ्या साउथ केन्सिंग्टनला विज्ञान शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला आणि बर्मिंगहॅमला गॅस इंजिनांच्या कारखान्यात लागला. तिथून डोक्यात मोटारीचं वेड शिरलं. १८९६ मध्ये त्याची पहिली गाडी रस्त्यावर आली. तिला एकच सिलिंडर होता. पुढच्या इंजिनात त्यानं कमाल केली. समोरासमोर दोन सिलिंडर, आणि एकावर एक दोन क्रँकशाफ्ट, एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारे. एकाचा धक्का दुसरा खोडून काढायचा.

गाडी गुळगुळीत चालली, धंदा नाही. १८९९ मध्ये काढलेली कंपनी १९०४ मध्ये पैशाच्या अडचणीत सापडली आणि रिसिव्हरच्या ताब्यात गेली. पुढे ती नव्यानं उभी राहिली. फ्रेडरिक मात्र १९०९ पासून कोव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीला सल्ला देऊ लागला.

तिथे सहा सिलिंडरच्या इंजिनांची डोकेदुखी होती. कागदावर या इंजिनाचा तोल उत्तम असतो, मग ते एका ठराविक वेगाला का थरथरतं? कारण लांबलचक क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटागणिक पिळवटतो आणि स्प्रिंगसारखा सुटतो. स्फोटांची लय आणि पिळाची लय जुळली, की संपलंच. फ्रेडरिकनं शाफ्टच्या टोकाला छोटं फ्लायव्हील बसवलं, पण घट्ट नाही, तेलात घसरणाऱ्या चकत्यांमधून. पिळाची ताकद त्या घर्षणात जिरून जायची.

चार सिलिंडरचा आजार निराळा. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून तुम्हाला वाटेल हिशेब पूर्ण झाला. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यानं पिस्टन वरच्या अर्ध्या फेरीत जास्त वेगानं पळतो. त्यामुळे दर फेरीला दोन धक्के उरतात. यावर त्याचा उपाय म्हणजे एका बाजूला वजन असलेले दोन शाफ्ट, उलट दिशांना, इंजिनाच्या दुप्पट वेगानं फिरणारे. त्यांची आडवी ओढ आपापसांत मिटते, उभी ओढ पिस्टनचे धक्के मिटवते. १९७०च्या दशकात मित्सुबिशीनं हीच कल्पना पुन्हा बाजारात आणली. आज कितीतरी गाड्यांत बॅलन्सर शाफ्ट असतो.

म्हणूनच टायमिंग बेल्ट बदलताना या शाफ्टची खूण एक दातानं जरी चुकली, तर दुरुस्तीनंतर गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. एकच पिस्टन बदलला आणि त्याचं वजन बाकीच्यांशी जुळवलं नाही, तरी तोच प्रकार. तेव्हा गॅरेजमध्ये पहिला प्रश्न विचारा : थरथर कोणत्या वेगाला येते? एकाच ठराविक वेगाला, की वेग वाढेल तशी वाढत जाते? अर्धं निदान तिथेच होतं.

पदवी नसलेल्या या माणसाला पुढे विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली, १९२२ मध्ये रॉयल सोसायटीनं फेलो केलं. विमान हवेत का तरंगतं, यावरही त्यानं मूलभूत काम केलं. पैसा मात्र कधीच टिकला नाही. उतारवयात त्याला कंपवातानं गाठलं. ज्यानं जगाची इंजिनं शांत केली, त्याचं स्वतःचं शरीर थरथरत राहिलं. १९४६ मध्ये तो गेला, हलाखीतच.

पुढच्या वेळी सिग्नलला एखादी गाडी तुमच्या शेजारी चालू आहे की बंद, हेच कळलं नाही, तर फ्रेडरिकची आठवण काढा.