उष्णतेचा जमाखर्च मांडणारा माणूस – जोसेफ फूरिये

रुळांच्या जोडाचे थर्मिट वेल्डिंग ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. जोडाच्या जागी पोलाद लालभडक झालेले असते, पण तिथून मीटरभर अंतरावर त्याच रुळाला पंधरा-वीस मिनिटांनी हात लावला तरी तो फारसा तापलेला लागत नाही. उष्णता पोलादातून पुढे सरकते, पण तिचा वेग ठरलेला असतो आणि तो आधी काढता येतो. हे गणित मांडणाऱ्या माणसाचे नाव जोसेफ फूरिये. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे नाव प्रत्येक विद्यार्थी वाचतो, परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. त्या नावामागचा माणूस मात्र विसरण्यासारखा नाही. गणराय ही विद्येची देवता, म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत या विद्योपासकाची ओळख करून द्यावीशी वाटली.

फूरिये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ऑक्सेर या गावी झाला. वडील शिंपी, घरात भावंडे पुष्कळ. जोसेफ दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास आई आणि पाठोपाठ वडीलही गेले. पोरका मुलगा हुशार आहे हे पाहून गावातल्या हितचिंतकांनी त्याला बेनेडिक्टाइन साधू चालवीत असलेल्या लष्करी शाळेत घातले. तिथे त्याला गणिताचे वेड लागले. दिवसा जमवलेल्या मेणबत्त्यांच्या तुकड्यांवर तो रात्री अभ्यास करी, असे सांगतात.

तोफखान्यात किंवा इंजिनिअर दलात अधिकारी व्हायचे त्याच्या मनात होते. पण त्या काळच्या फ्रान्समध्ये अशा जागा उमराव घराण्यांसाठी राखीव असत. शिंप्याच्या मुलाचा अर्ज गुणवत्ता असूनही नाकारला गेला. मग १७८७ साली तो मठात दाखल झाला. संन्यासाची दीक्षा घेण्याआधीच, १७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि फूरिये मठ सोडून गावच्या शाळेत शिक्षक झाले.

जन्मावरून माणसाची किंमत ठरू नये, हे क्रांतीचे तत्त्व त्यांना मनापासून पटले होते. १७९३ साली ते स्थानिक क्रांतिसमितीत सामील झाले. पण पुढे जे रक्तपात सुरू झाले त्यांत त्यांचाही बळी जाण्याची वेळ आली. काही लोकांची बाजू घेतल्यामुळे १७९४ साली त्यांना अटक झाली. त्या दिवसांत तुरुंगातून गिलोटीनपर्यंतचा रस्ता फार छोटा होता. जुलैअखेरीस रोबेस्पियरची सत्ता कोसळली आणि फूरिये वाचले. पुढच्या वर्षी नव्या राजवटीने, ते आधीच्या राजवटीचे म्हणून, त्यांना पुन्हा तुरुंगात टाकले! तिथूनही ते सुटले.

या दोन कैदांच्या मध्ये पॅरिसच्या इकोल नॉर्माल या नव्या संस्थेत त्यांची निवड झाली होती. लाग्रांज, लाप्लास आणि माँज यांच्यासारखे दिग्गज तिथे शिकवत. लवकरच फूरिये इकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले आणि १७९७ साली लाग्रांज यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली.

आता आयुष्य स्थिरावले असे वाटत असतानाच १७९८ साली नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर त्यांना जावे लागले. कैरोत स्थापन झालेल्या विद्वत्संस्थेचे ते सचिव होते. १८०१ साली परतल्यावर पुन्हा अध्यापन करावे अशी त्यांची इच्छा होती. पण नेपोलियनने त्यांना आल्प्सच्या पायथ्याशी ग्रेनोबल येथे प्रीफेक्ट, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या पदावर पाठवले. बदलीचा हुकूम आला की मनाविरुद्धही बिस्तरा गुंडाळावा लागतो, हे आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांना वेगळे सांगायला नको.

ग्रेनोबलमध्ये ते १८१५ पर्यंत राहिले. बूर्ग्वां परिसरातल्या दलदलीमुळे तिथे रोगराई पसरत असे. फूरियेंनी अनेक गावांची समजूत काढून ती दलदल उपसून कोरडी करवली. ग्रेनोबलहून इटलीतल्या तुरीनकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या कामावरही त्यांची देखरेख होती. इजिप्तवरील महाग्रंथाची ऐतिहासिक प्रस्तावना त्यांनी लिहिली. शाम्पोलियाँ नावाच्या हुशार मुलाला इजिप्तच्या प्राचीन लिपीची गोडी लागण्यातही त्यांचा वाटा होता.

आणि हे सगळे सांभाळून ते उष्णतेवर काम करत होते. त्यांनी लोखंडी कडे घेतले, त्यात भोके पाडून पाऱ्याचे तापमापक बसवले, कडे एका बाजूने तापवले आणि कुठल्या जागी किती तापमान आहे याची नोंद ठेवली.

त्या वेळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे की कणांची हालचाल आहे, यावर विद्वानांचा वाद चालू होता. फूरियेंनी तो वाद बाजूला ठेवला. उष्णता काय आहे यापेक्षा ती कशी वागते हे मोजायचे त्यांनी ठरवले. त्यांचा नियम अगदी सरळ आहे. भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानांतला फरक दुप्पट झाला तर दुप्पट उष्णता वाहते आणि जाडी दुप्पट केली तर निम्मी वाहते. बाकीचा हिशेब पदार्थाच्या गुणावर अवलंबून. तांब्यातून साध्या पोलादाच्या सुमारे आठपट उष्णता वाहते, तर थर्मोकोलमधून पोलादाच्या हजारावा हिस्साही वाहत नाही.

दुसरी पायरी मंडळाच्या खजिनदारांना लगेच समजेल. वस्तूचा एक लहानसा तुकडा कल्पावा. एका बाजूने आलेली उष्णता ही जमा, दुसऱ्या बाजूने गेलेली तो खर्च. उरेल ती शिल्लक, आणि शिल्लक वाढली की तुकड्याचे तापमान वाढते. असा जमाखर्च प्रत्येक तुकड्यासाठी मांडला की उष्णतावहनाचे समीकरण तयार होते. त्यातून असे निघते, की उष्णतेला दुप्पट अंतर गाठायला चौपट वेळ लागतो. वेल्डिंगच्या जोडापासून मीटरभरावरचा रूळ थंड राहतो तो यामुळेच.

हे समीकरण सोडवण्यासाठी त्यांनी एक धाडसी कल्पना लढवली. तापमानाचा आलेख कितीही वेडावाकडा असला तरी तो साध्या साइन आणि कोसाइन लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. मिरवणुकीत ढोल, ताशा आणि झांज यांचा एकच कल्लोळ कानी येतो, पण जाणकाराला त्यातला प्रत्येक आवाज वेगळा ओळखता येतो, तसेच हे. बारीक लहरी लवकर विरतात, मोठ्या सावकाश. अर्धे कडे भट्टीत तापवून बाहेर काढले, तर थोड्याच वेळात सगळे चढउतार निवळून एकच मोठी लहर उरते. प्रयोगातही तेच दिसले.

२१ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचा हा प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेत सादर झाला. परीक्षकांत लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रवा होते. ज्यांच्या पायाशी बसून फूरिये शिकले, त्याच लाग्रांज यांनी लहरींच्या बेरजेला हरकत घेतली. कोपरे असलेला आलेख गुळगुळीत लहरींतून कसा तयार होईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण फूरियेंच्या सिद्धतेत उणिवा होत्या. प्रबंध छापला गेला नाही. उष्णतेवर त्यांच्या आधी लिहिणाऱ्या बियो यांनीही विरोध केला. मग संस्थेने याच विषयावर पारितोषिक जाहीर केले आणि फूरियेंनी काम वाढवून १८११ साली पुन्हा पाठवले. १८१२ च्या जानेवारीत त्यांना पारितोषिक मिळाले, पण तर्कशुद्धता कमी असल्याचा शेरा मारूनच! छपाई पुन्हा राहिली. फूरियेंनी मात्र आपली मांडणी मागे घेतली नाही.

१८१५ साली एल्बाहून परतलेला नेपोलियन ग्रेनोबलमार्गे आला. या उलथापालथीत फूरियेंची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही बुडाले. पॅरिसमध्ये हलाखीत असताना त्यांचा एक जुना विद्यार्थी धावून आला. सेन प्रांताचा प्रीफेक्ट असलेल्या शाब्रोल यांनी त्यांना सांख्यिकी कार्यालयात जागा दिली. १८१६ साली विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली, पण राजाने ती नामंजूर केली. १८१७ साली पुन्हा निवड झाली आणि ती टिकली. १८२२ साली ते अकादमीचे स्थायी सचिव झाले आणि त्याच वर्षी उष्णतेवरचा त्यांचा ग्रंथ अखेर प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रबंधाला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती. योगायोग असा, की शाम्पोलियाँने इजिप्तची चित्रलिपी उलगडली तीही १८२२ मध्येच.

१८२४ साली त्यांनी पृथ्वीच्या तापमानावर लेख लिहिला. सूर्यप्रकाश वातावरणातून सहज आत येतो, पण जमिनीची उष्णता तितक्या सहज बाहेर जात नाही, हे त्यांनी मांडले. आज ज्या हरितगृह परिणामाची चर्चा चालते तिचे मूळ इथे आहे. लाग्रांज यांच्या शंकेचे उत्तर डिरिक्ले या तरुण गणितज्ञाने १८२९ साली दिले आणि लहरींची बेरीज केव्हा खरी ठरते ते काटेकोरपणे सिद्ध केले. फूरियेंच्या हयातीतच त्यांची कल्पना पक्क्या पायावर उभी राहिली.

इजिप्तहून आल्यापासून त्यांना थंडी सोसत नसे. ते तापलेल्या खोलीत, अंगावर कपड्यांचे थर चढवून बसत. १८३० च्या मे महिन्यात ते जिन्यावरून पडले आणि १६ मे रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते.

आज ब्रेक लावल्यावर तापणाऱ्या चाकाची, धरणाच्या काँक्रीटची किंवा मोबाइलमधल्या चिपची उष्णता संगणकावर काढताना इंजिनिअर वस्तूचे हजारो तुकडे कल्पून तोच जमाखर्च मांडतात. बेअरिंगच्या आवाजातून बिघाड ओळखायचा तर त्या आवाजाच्या लहरी वेगळ्या कराव्या लागतात, तीही फूरियेंचीच देणगी. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे. ऑक्सेरमध्ये १८४९ साली उभारलेला त्यांचा ब्राँझचा पुतळा मात्र दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी वितळवला गेला.

दहा दिवसांनी आपणही मूर्तीचे विसर्जन करतो. मूर्ती विरघळते, पण भक्ती आणि आपल्या माणसांचा मेळ उरतो. फूरियेंचा पुतळा वितळला, पण धातू कसा तापतो आणि कसा निवतो हे सांगणारे त्यांचे समीकरण रोज कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी रुळाच्या जोडावर काम करतेच आहे. घरापासून दूर, मनाविरुद्ध मिळालेल्या जागी, सरकारी काम चोख करून उरलेल्या वेळात एवढे काम उभे करता येते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. ती जिद्द गणरायाने आपल्या सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!