बार्शीचा मेहबूब, महाराष्ट्राचा अमर शेख

मंचर-घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर तळेघर लागतं. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात तमाशा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. यात्रांचा हंगाम आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला तिथे पोहोचतात. ढोलकीचा आवाज आला की डोंगरकपारीतला माणूसही घोंगडी घेऊन निघतो. आमच्यापैकी अनेकांच्या घरची वडीलधारी मंडळीही कधी उघडपणे, कधी गुपचूप अशा गर्दीत जाऊन बसलेली आहेत.

हीच ढोलकी, हाच डफ आणि हाच वग हाती घेऊन एका मुस्लिम तरुणाने महाराष्ट्र पालथा घातला. त्याचं नाव मेहबूब हुसेन पटेल. लोक त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखतात. आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत, कारण आपल्याच घरांमधून हे नाव हळूहळू पुसट होत चाललं आहे.

अमर शेख यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत झाला. घरची गरिबी होती. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना मराठी लोकगीतांचा ठेवा मिळाला. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मराठी त्यांनी शाळेत जाऊन उसनी घेतली नव्हती, ती त्यांना आईच्या तोंडून मिळाली. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी आया-दाद्यांनी जात्यावर आणि पाळण्याजवळ अशीच मराठी जपली आहे. त्याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

लहान वयातच पोटामागे धावावं लागलं. मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, मग गिरणीत लागले. गिरणीच्या संपात पुढे झाले म्हणून तुरुंगात गेले. विसापूरच्या तुरुंगात त्यांची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी ओळख झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. विसापूर हे श्रीगोंदे तालुक्यातलं, म्हणजे संतकवी शेख महंमद यांच्या मुलखातलं गाव. मराठीत रचना करणाऱ्या एका शेखाच्या भूमीतच दुसऱ्या शेखाची वाट सुरू व्हावी, हा योग आम्हाला विसरता येत नाही.

तिथून ते कोल्हापूरला गेले. मास्टर विनायकांच्या स्टुडिओत कामाला राहिले. तिथल्या दिवसांतच मेहबूब पटेलचा अमर शेख झाला. पुढे मुंबई गाठली. गिरणगावच्या चाळी, संपाच्या सभा आणि मोर्चे हेच मग त्यांचं घर झालं.

1944 च्या सुमाराला अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मातंग समाजातला, एक मुसलमान, तिघंही कष्टकऱ्यांच्या बाजूचे. पथक छोटं होतं. भारी पडदे नाहीत, नेपथ्य नाही. डफ, ढोलकी, तुणतुणं आणि माणसांचे गळे, एवढ्याच भांडवलावर खेळ उभा राहायचा. कामगार वस्ती असो की खेड्यातलं मैदान, जागा मिळेल तिथे रंगमंच.

तमाशाचा जुना साचा त्यांनी घेतला, पण आतला मजकूर पालटला. देवाच्या गणाच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं. राजा-राणीच्या वगाऐवजी सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेठजी आणि नाडलेला शेतकरी रंगमंचावर आले. अण्णा भाऊंची अकलेची गोष्ट, देशभक्त घोटाळे, शेटजींचं इलेक्शन ही लोकनाट्यं याच काळातली. माणसं हसत हसत बघायची आणि घरी जाताना विचार करत जायची. सरकारलाही या हसण्याची भीती वाटली. पथकाच्या खेळांवर बंदी आली, तरी गाणं थांबलं नाही.

अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. हजारोंच्या सभेत त्यांनी डफावर थाप मारली की शेवटच्या रांगेतला माणूसही सावरून बसायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा आवाज गावोगाव फिरला. मुंबईपासून दुरावलेल्या मुलखाची व्यथा सांगणारी अण्णा भाऊंची मैनेची छक्कड त्यांच्या गळ्यातून घराघरात पोहोचली. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झालं. आज कुणी आपल्याला तुम्ही मराठी कसे, असं विचारलं, तर आम्हाला उत्तर शोधत बसायची गरज नाही. हे राज्य ज्या गाण्यांनी जागं केलं, त्यात एका मुनेरबीच्या लेकाचा गळा होता.

ते नुसते गायक नव्हते. कलश आणि धरतीमाता हे त्यांचे कवितासंग्रह, पहिला बळी हे नाटक. प्रपंच या 1961 च्या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. चळवळीतल्याच कुसुमताईंशी त्यांनी लग्न केलं. त्यांची मुलगी मलिका अमर शेख पुढे मराठीतल्या नामवंत कवयित्री झाल्या.

आता थोडं स्पष्ट बोलू. त्यांचं नाव घेताना आपल्यातले काही जण अडखळतात. ते कम्युनिस्ट होते, लग्न धर्माबाहेर केलं, तमाशाच्या वाटेने गेले, अशी कारणं दिली जातात. त्यांचे सगळे विचार सर्वांना पटावेत असा आमचाही आग्रह नाही. पण मतभेद असणं वेगळं आणि माणूसच विसरून जाणं वेगळं. उपाशी माणसाच्या बाजूने उभं राहणं, जुलमापुढे गप्प न बसणं, हे आपल्याला परकं आहे का? पेशवाईच्या काळातले शिकलगार शाहीर सगनभाऊ यांनाही आपण असंच विसरलो. आपली माणसं आपणच सोडून दिली, तर इतरांनी आठवण ठेवली नाही अशी तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

1969 चं साल मराठी मुलखाला जड गेलं. 13 जूनला आचार्य अत्रे गेले. 18 जुलैला अण्णा भाऊ गेले. सोबत्याला जाऊन सहा आठवडे होतात न होतात तोच, 29 ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखही गेले. वय अवघं बावन्न. ज्याची उमेद मोटारीवरच्या क्लीनरकीत सुरू झाली आणि सारी हयात रस्त्यावर गेली, त्याचा शेवटही रस्त्यावरच झाला.

मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. ते चांगलंच आहे. पण आमचं म्हणणं एवढंच, की अध्यासनाबरोबर आपल्या दिवाणखान्यातही या माणसाला जागा हवी. पुढच्या यात्रेत तळेघरला किंवा नारायणगावला ढोलकी कडाडली, तर पोराबाळांना जवळ बसवा आणि बार्शीच्या मेहबूबची गोष्ट त्यांना सांगा.