महाराणी येसूबाईसाहेब

श्री टाळकेश्वराच्या दर्शनासाठी अंजनवेल येथे येणाऱ्या भाविकांना वाशिष्ठी खाडीच्या पैलतीरी दाभोळ हे प्राचीन बंदर लागते. या दाभोळच्या देशमुखी वतनाशी छत्रपती संभाजी महाराजांच्या पट्टराणी येसूबाईसाहेब यांच्या माहेरचा निकटचा संबंध होता. याच रत्नागिरी जिल्ह्याच्या या थोर कन्येचे चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे संक्षेपाने देण्यात येत आहे.

संगमेश्वर तालुक्यातील शृंगारपूर हे येसूबाईसाहेबांचे माहेर. पिलाजीराव शिर्के हे त्यांचे पिताश्री. छत्रपती शिवाजी महाराजांनी पिलाजीरावांची कन्या सून म्हणून स्वीकारली आणि आपली कन्या राजकुंवर पिलाजीरावांचे पुत्र गणोजी यांना दिली. दाभोळची देशमुखी मिळावी, अशी शिर्के घराण्याची इच्छा होती. पुढे वतनाच्या प्रश्नावरून वितुष्ट वाढले आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत शिर्के मंडळी मोगलांना मिळाली. माहेर दुरावले तरी येसूबाईसाहेबांची स्वराज्यावरील निष्ठा तसूभरही ढळली नाही. संभाजी महाराजांनी त्यांना स्वतंत्र मुद्रा दिली होती. महाराज मोहिमांवर असताना रायगडावरील राज्यकारभारात त्या लक्ष घालीत. दिनांक १८ मे १६८२ रोजी त्यांच्या पोटी शाहू महाराजांचा जन्म झाला.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांना वीरमरण आले. शाहू महाराज त्या वेळी अवघे सहा वर्षांचे होते. पुत्राचा हक्क पुढे करणे कोणत्याही मातेला स्वाभाविक वाटले असते. परंतु राज्याला रणांगणात उभा राहणारा छत्रपती हवा, हे जाणून येसूबाईसाहेबांनी तरुण दीर राजाराम महाराजांना राज्यपद देण्यास संमती दिली. राजपरिवार एकाच वेळी शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून राजाराम महाराजांनी गड सोडावा, असा सल्लाही त्यांनीच दिला. राजाराम महाराज बाहेर पडून पुढे जिंजीस पोहोचले. येसूबाईसाहेब मात्र पुत्रासह रायगडावरच राहिल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला आणि मायलेक कैद झाले.

त्यानंतरचा दीर्घ काळ मोगल छावणीत गेला. बादशहाची कन्या झीनतउन्निसा बेगम हिने शाहू महाराजांना मायेने वागविले. औरंगजेबाच्या निधनानंतर १७०७ मध्ये शाहू महाराजांची सुटका झाली, तथापि येसूबाईसाहेबांना ओलीस ठेवण्यात आले. पुत्र सातारा येथे छत्रपती झाला, तेव्हा माता परमुलखात बंदिवान होती. अखेर श्रीवर्धनचे सुपुत्र पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीस जाऊन चौथाई व सरदेशमुखीच्या सनदांसह त्यांची मुक्तता करून आणली. सुमारे २९ वर्षांच्या बंदिवासानंतर जुलै १७१९ मध्ये त्या सातारा येथे परतल्या. सातारा नजीकच्या माहुली येथे त्यांची समाधी आहे.

जे राज्य टिकावे म्हणून येसूबाईसाहेबांनी पुत्राचा हक्क बाजूला ठेवला, त्याच राज्याचे छत्र पुढे त्या पुत्राच्या मस्तकी आले. श्रींच्या दर्शनानंतर खाडीपलीकडील दाभोळकडे पाहताना भाविकांनी या त्यागमूर्ती राजमातेचेही पुण्यस्मरण करावे.